बोल्ट मारण्याआधी फरशीखाली काय आहे ते पाहा

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी नागपूरच्या बेसा भागात राहतो, वय ५८. बुटीबोरीतली नोकरी दोन वर्षांत संपेल. घरी वडिलांची जुनी मारुती ८०० आणि एक स्विफ्ट आहे. दोन्हींचं ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन मी घरीच करतो, पण जॅक लावून पाठीवर सरकत गाडीखाली जाणं आता कमरेला झेपत नाही. पोर्च बंद करून गॅरेज केलं आहे. आतून १२ बाय १८ फूट, स्लॅब १० फुटांवर, मधोमध ९ इंचांचा बीम, खाली पार्किंग टाइल्स. एका विक्रेत्याने गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट सुचवली. म्हणतो, ‘दहा बोल्ट मारले की झालं, दुपारपर्यंत गाडी वर.’ घेऊ का?
– एक वाचक, बेसा

उत्तर : भाऊ, या फरशीवर ती लिफ्ट घेऊ नका. लिफ्ट घ्यायची तुमची इच्छा मात्र अगदी रास्त आहे. घरच्या गाडीचं काम स्वतः करणारा माणूस केवळ कमरेपायी थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या मध्ये, पुढे आलेल्या हातांवर तोललेली असते. त्यामुळे दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि भिंतीकडचे बोल्ट जमिनीतून उपसले जाऊ पाहतात. सगळा भरवसा बोल्टने पकडलेल्या काँक्रीटवर. या लिफ्टला निदान ४ इंच जाडीचं, न तडकलेलं, पूर्ण पिकलेलं काँक्रीट लागतं, आणि बोल्ट कडेपासून, सांध्यापासून, तड्यापासून लांब हवेत. तुमच्या टाइल्सखाली मसाला असेल, त्याखाली पातळ पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट), त्याखाली मुरमाची भराई. आपल्याकडचे पोर्च असेच होतात, कारण तिथे गाडी नुसती उभी राहायची असते.

त्यात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ले-आउट पाडताना माती न काढता वरच मुरूम टाकला असेल, तर फरशी दरवर्षी थोडी वर-खाली होतेच. तुमच्या पोर्चच्या पायरीजवळ आडवा तडा आहे का, तेवढं बघा.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. २००३ साली हिंगणा रोडवर माझं गॅरेज होतं, तिथे मी दोन खांबांची लिफ्ट बसवली. ठेकेदाराने फरशी ६ इंच असल्याचं सांगितलं, मी मानलं. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी गाडी वर घेतली, तर डाव्या खांबाच्या बुडाशी वॉशरभोवती राखाडी पिठासारखी भुकटी पडलेली दिसली. नटला पाना लावला, तर अख्खा बोल्टच गरगर फिरला. गाडीखाली माझा पोरगा उभा होता. त्याला आवाज न चढवता बाहेर बोलावलं आणि गाडी बोटाबोटाने खाली घेतली. नंतर फोडून पाहिलं, तर काँक्रीट अडीच इंच निघालं. ती भुकटी अजून डोळ्यांपुढे आहे, म्हणून इतकं लांबवून लिहितो आहे.

तर पहिलं काम, ड्रिल. जिथे लिफ्ट यायची तिथली एक टाइल आणि तिच्याखालचा मसाला काढा आणि हॅमर ड्रिलने सरळ खाली भोक पाडा. वर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. राखाडी आहे तोवर काँक्रीट, लालसर-पिवळी झाली की मुरूम लागला. मग टोकाला आकडा वाकवलेली तार आत सोडा, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा आणि काँक्रीटच्या वरच्या पातळीवर तिला खूण करा. ती तुमची खरी जाडी. अशी तीन-चार ठिकाणी घ्या. एकाच भोकावर विसंबू नका.

आता उंची. १० फुटांतून बीमचे ९ इंच गेले, राहिले सव्वानऊ फूट. स्विफ्टची उंची साधारण ५ फूट. म्हणजे टप बीमला टेकला तरी चाकांखाली सव्वाचार फूटच मिळतील. ज्यासाठी दोन खांब घ्यायचे, ते ताठ उभं राहणं तुमच्या गॅरेजात होणारच नाही. बॉनेट उघडलं की आणखी उंची जाते.

म्हणून माझा सल्ला मध्यम उंचीच्या सिझर लिफ्टचा, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वर जाणाऱ्या लिफ्टचा. ती गाडी तीन-साडेतीन फूट उचलते. बुटक्या स्टुलावर बसून चाकं, ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर, ऑइल सगळं आरामात होतं. ही लिफ्ट फरशीला सरळ खाली दाबते, बोल्ट उपसत नाही, त्यामुळे फरशीकडून तिची मागणी कमी असते. तरी टाइल्सवर ठेवू नका. खाली पोकळ असलेली टाइल भाराने फुटते आणि तळ तिरपा होतो. तेवढा भाग फोडून काळी माती निघेल तितकी काढा, मुरूम थराथराने कुटा, आणि वर जाळी टाकून ६ इंच एम २५ प्रतीचं काँक्रीट घाला. घर मातीवर किती बसलं आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवलेलं बरं. काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यातल्या उन्हात ओलं काँक्रीट वरून तडकतं. वाळूचं आळं करून पाणी भरून ठेवा आणि २८ दिवस लिफ्ट आणू नका. विक्रेता घाई करेल, त्याला थांबवा.

सिझर लिफ्टची एक अडचण आहे. गाडीच्या पोटाखालची मधली जागा तीच अडवते. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर ती उपयोगाची नाही. तुमच्या यादीत ते काम नाही, म्हणून सुचवतो.

वीज. मोटर बहुधा सिंगल फेज, ३ एचपीच्या आसपास असेल. तिला मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग द्या. कूलरच्या सॉकेटवर ती चालवू नका. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर लागले की व्होल्टेज पडतं, मोटर घुमते पण उचलत नाही, आणि वायंडिंग तापतं. मोटर-पंपाचा डबा जमिनीवर ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात जे पाणी शिरलं, त्यानंतर मी हे प्रत्येकाला सांगतो.

वापराचं एकच, पण ते रोज पाळा. गाडी हव्या उंचीच्या किंचित वर घ्या, लिफ्टला गाडीखाली अडवून धरणाऱ्या लॉकचा ‘खट’ दोन्ही बाजूंनी ऐका, मग गाडी लॉकवर उतरवा आणि त्यानंतरच हात आत घाला. तेलाच्या दाबावर तोललेल्या गाडीखाली जाऊ नका, होजचा एक पाइप फुटला की दाब गेला. लॉकवर बसलेली गाडी खाली घ्यायला आधी थोडी वर घ्यावी लागते, म्हणजे वीज लागते. मध्येच वीज गेली तर गाडी आहे तिथे राहू द्या, लॉक हाताने सोडवायचा खटाटोप करू नका.

वडिलांच्या ८०० बद्दल राहिलं. दाराखालच्या पट्टीवर दोन खाचा असतात, लिफ्टचा रबरी पॅड त्यांच्या मध्ये बसवायचा. पण इतक्या जुन्या गाडीची पट्टी आतून सडलेली असू शकते. उचलण्याआधी जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे दाबून बघा. टणक लागलं तर ठीक. कागदासारखं आत गेलं, तर आधी डेंटरकडे नेऊन पट्टी वेल्ड करून घ्या. पहिल्यांदा गाडी वीतभर उचला, बंपर धरून हलवा, पॅड बघा, मग वर न्या. आत कोणी बसलेलं नको, नातू तर मुळीच नको.

प्रश्न : धंतोलीत आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये एकावर एक दोन गाड्या ठेवणारी लिफ्ट बसेल का? जागा एकच मिळाली आहे.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी टेपने बीमखालची उंची मोजा. साध्या दोन हॅचबॅक म्हटल्या तरी दीड-दीड मीटर, वर प्लॅटफॉर्मची जाडी आणि थोडी मोकळीक, म्हणजे सव्वातीन मीटर हवेत. स्कीमच्या पार्किंगमध्ये बहुधा अडीचच्या आसपास मिळतात. तेवढेच निघाले तर विषय तिथेच संपला. उंची भरली, तरी सोसायटीच्या सभेत लेखी मंजुरी घ्या आणि त्या फरशीखाली पाण्याची टाकी आहे का ते मूळ नकाशावर बघा. टाकीच्या स्लॅबवर लिफ्ट बसवू देऊ नका.