पोरं कमी, म्हातारी जास्त

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात रत्नागिरी जिल्ह्यातून निवृत्त झालेल्या अंगणवाडीच्या एक मुख्यसेविका)

प्रश्न : ताई, आम्ही बोरिवलीला असतो. गाव राजापूर तालुक्यात. आमच्या शेजारच्या घरात ऐंशीच्या आसपासच्या एक काकू एकट्याच राहतात. मूलबाळ नाही. काका गेल्यावर त्यांनी घर आणि कलमांची बाग पुतण्याला बक्षीसपत्राने देऊन टाकली. तो आधी पैसे पाठवायचा, आता फोनही उचलत नाही. गणपतीला गेलो तेव्हा काकू दोन्ही वेळा नुसती पेज पिताना दिसल्या. आम्ही त्यांच्या नात्यातले नाही. काही करता येईल का?
— एक चाकरमानी

उत्तर : येईल. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा फक्त मुलांना लागू आहे असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाकडे आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्याकडूनही पोटगी मागता येते. तुमच्या काकूंचा पुतण्या यात बसतो. अर्ज प्रांतांकडे करायचा. काकूंना जाणं जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली कुणीही व्यक्ती त्यांच्या वतीने अर्ज करू शकते, म्हणजे तुम्हीसुद्धा. तिथे वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते.

बागेचं प्रकरण वेगळं. त्यासाठी आधी दुय्यम निबंधकांकडून बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का बघा. याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तशी अट असेल आणि ती मोडली असेल तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. नुसतं ‘प्रेमापोटी दिलं’ असेल तर अवघड होतं. पण इतर कागदही शोधा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, त्यात मुलाने सांभाळायचा शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला होता. आपल्याकडे असले कागद देवघरातल्या पेटीत, तांदळाच्या डब्यात, कुठेही सापडतात.

हे सगळं होईस्तोवर काकूंनी खायचं काय? त्या ६५ च्या पुढच्या आहेत. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मिळाला तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतील. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायचा. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद. एकट्या निराधार विधवेला अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळू शकतं. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांपर्यंत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, तेही काढून घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

आता मोजा. तहसील, रेशन दुकान, आरोग्य केंद्र, प्रांत, निबंधक. ऐंशी वर्षांच्या बाईने पायऱ्यांची पाखाडी उतरून, एसटी पकडून ही पाच दारं फिरायची. मी अंगणवाडीत होते तेव्हा वाडीतल्या प्रत्येक पोराचं नाव रजिस्टरात असायचं. दर महिन्याला वजन व्हायचं, दोन महिने ते वाढलं नाही की सेविका घरी जायची, ती नाही गेली तर मी तिला विचारायची, मी नाही विचारलं तर प्रकल्प अधिकारी मला. काकूंचं नाव असल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. त्यांची पेज बघायला जाणं हे सरकारात कुणाचंही काम नाही. योजनांची यादी कितीही लांबवा, हे काम जोवर कुणा एका माणसाच्या गळ्यात पडत नाही तोवर ती यादी कार्यालयाच्या भिंतीवरच राहणार. तेव्हा निदान तुमच्यापुरतं एक करा. वाडीतली आशा ताई रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी फिरते, तिला काकूंचं घर नावानिशी सांगा आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा.

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. मुलगा बोटीवर खलाशी होता, तो दर्यात गेला. सुनेनं दुसरं घर केलं. मी मासळी विकते. माझा भाऊ म्हणतो, पोराला बालगृहात ठेव, तिथे खाणं-शिकणं सगळं फुकट. पोर मला सोडून राहायचा नाही. काय करू?
— हर्णै परिसरातल्या एक आजी (नातवाच्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिलेलं पत्र)

उत्तर : आजी, नका ठेवू. भावाला वाईट म्हणत नाही मी, त्याला तुमची काळजी आहे. पण २०१५ चा बाल न्याय कायदाच म्हणतो की मूल आधी कुटुंबात राहावं, संस्था अगदी शेवटी. भूक लागते म्हणून पोराला घरातून उचलायचं नसतं, घरात धान्य पोचवायचं असतं.

त्यासाठी बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. मुलाला महिन्याला २२५० रुपये, वयाच्या अठरापर्यंत. दुसरी केंद्राची मिशन वात्सल्यमधली, महिन्याला ४ हजारांची. तिला ग्रामीण भागात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार आहे. तुमचा नातू कशात बसतो हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात ठरेल, म्हणून अर्ज देताना दोन्हींचं नाव घ्या. मुलाच्या बापाचा मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, दोघांचं आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक, एवढं एका पिशवीत घालून ठेवा. मग कुणीतरी घरी चौकशीला येईल आणि बाल कल्याण समिती आदेश काढेल. समितीसमोर नातवाला बोलू द्या. त्याला कुठे राहायचंय हे विचारणं त्यांना भागच आहे.

खरी अडचण त्या ‘कुणीतरी घरी येईल’मध्ये आहे. हर्णैहून रत्नागिरी म्हणजे एसटीने आख्खा दिवस आणि बाजाराचा एक दिवस बुडाला. तिथून तुमच्या घरापर्यंत यायला जो कर्मचारी लागतो त्याच्याकडे जिल्हाभरची पोरं असतात आणि तो स्वतःही कंत्राटावर असतो. त्याला माणसं आणि गाडी जोडून दिली तरच आदेश वेळेत निघतात. पैसेही दर महिन्याच्या महिन्याला येतील या भरवशावर उधारी करू नका, कधीकधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात.

अजून एक. मुलगा समुद्रातल्या अपघातात गेला असेल तर मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा, त्याचा गट अपघात विमा उतरवला होता का. उतरवला असेल तर अपघाती मृत्यूला ५ लाखांची भरपाई आहे. हे सांगायला सोसायटीतून आपणहून कुणी घरी येत नाही.

आणि पत्र लिहून देणाऱ्या बाई, तुम्ही अर्ध्याहून जास्त काम केलंत. उरलेलं म्हणजे अर्जाची पोच घेणं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न : देवगडला आमच्या बागेत दिवाळीपासून मेअखेरपर्यंत नेपाळी राखणदार कुटुंब राहतं. चार वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा. आधार नाही म्हणून अंगणवाडीत मुलीचं नाव घालत नाहीत. नियम काय आहे?
— एक बागायतदार

उत्तर : डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल अंगणवाडीच्या सेवेत आलं पाहिजे. मुलाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ च्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

सेविकेवर रागावू नका. २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकर ॲपवर आहे आणि ॲपात न दिसणाऱ्या पोराचा शिधा कुठून दाखवायचा ही तिची भीती खरी आहे. पण आधारशी जोडलेल्या चेहरा पडताळणीची सक्ती आहे ती घरी न्यायच्या आहाराला. चार वर्षांच्या मुलीला अंगणवाडीतच बसून गरम आहार मिळतो. तिला उद्यापासून पाठवा. कुटुंब कधीपासून कधीपर्यंत राहतं हे बागमालक म्हणून लिहून द्या, आणि तोच कागद मुख्यसेविकेकडेही द्या. सात वर्षांच्या मुलाला हंगामात पेट्या भरायला बसवलं नाहीत तर शाळेचं कामही सोपं होईल.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत सातच मुलं उरलीत. पलीकडच्या वाडीतल्या अंगणवाडीत ती मिसळून टाकावी अशी कुजबुज आहे. ग्रामपंचायत काय करू शकते?
— एक सरपंच, संगमेश्वर तालुका

उत्तर : सरपंच, पलीकडची वाडी म्हणजे मध्ये ओढ्यावरचा साकव असणार. पावसात तीन वर्षांचं पोर साकवावरून कोण नेणार, हे आधी लेखी विचारा.

लोकसंख्येचे निकष आपल्याला नेहमीच नडतात. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. माणसं मुंबईला गेली, घरं डोंगरभर विखुरलेली तशीच राहिली. डोकी मोजून केंद्र द्यायचं ठरलं तर कोकणातलं प्रत्येक केंद्र कधी ना कधी ‘परवडत नाही’च्या यादीत येईल. इथे अंतर मोजायला हवं.

माझं मत विचाराल तर अंगणवाडी बंद करू नका, दुपारनंतर ती म्हाताऱ्यांना उघडा. खोली आहे, वजनकाटा आहे, चूल आहे. मात्र हे काम सेविकेच्या माथी फुकटात मारू नका. तिच्या मानधनातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ ला ४५०० रुपये झाला, तो अजून तिथेच आहे, आणि प्रत्येक नवं काम मात्र तिच्याच दारात येतं. वाडीतली दुसरी बाई नेमा, तिला वेगळे पैसे द्या. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचेच असतात. दरवर्षी ते कुठे जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिलाई यंत्रं पुष्कळ झाली. ऐकू न येणारे, दिसत नसलेले, गुडघ्यांनी बसलेले किती म्हातारे दिव्यांग प्रमाणपत्राला पात्र आहेत हे एकदा वाडीवार लिहून काढा, म्हणजे त्या ५ टक्क्यांना खरे धनी मिळतील.

ठराव ग्रामसभेतच घ्या, मासिक सभेत नको. आणि नोटीस निघण्याआधी विषयपत्रिकेवर घालून घ्या. आयत्या वेळच्या विषयांत गेला तर तोवर अर्धी सभा चहाला उठलेली असते.