तिकीट काढून गेलेला ‘अंतराळवीर’ होतो का?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या ईएडीएस आस्ट्रियम या कंपनीने 2007 साली जाहीर केलेल्या अंतराळविमानाबद्दल लिहिताना त्यातल्या चार उतारूंना काय म्हणावं? अंतराळवीर, अंतराळयात्री की अंतराळपर्यटक?

‘अंतराळवीर’ तर नकोच. मूळ ग्रीक घटक पाहिले तर ॲस्ट्रोनॉट म्हणजे ताऱ्यांचा नाविक आणि कॉस्मोनॉट म्हणजे विश्वाचा नाविक. त्यात शौर्य कुठेच नाही. ‘वीर’ ही मराठीने घातलेली भर आहे, आणि मला ती फार आवडते. आपल्याकडे वीर फक्त रणांगणावर नसतो. दानवीर असतो, कर्मवीर असतो. एखाद्या कामात स्वतःला पणाला लावणारा तो वीर. गागारिन किंवा राकेश शर्मा यांना हा शब्द शोभतो. दीड-दोन लाख युरो मोजून, खास बनवलेल्या आसनावर बसून दीड तासात परतणाऱ्याला तो दिला, तर शब्दाचं मोल उतरतं.

‘अंतराळयात्री’ हिंदीतल्या ‘अंतरिक्ष यात्री’च्या वळणाचा आहे. चूक नाही, पण मराठी कानाला ‘यात्रा’ म्हटलं की देवस्थान, जत्रा, यात्रेकरू आठवतात.

आता पर्यटक. पर्यटनात हिंडणं-फिरणं, मुक्काम करणं आलं. 2001 साली डेनिस टिटो पैसे भरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्यांना अंतराळपर्यटक खुशाल म्हणा. आस्ट्रियमच्या योजनेत मुक्काम नव्हताच. विमान नेहमीच्या धावपट्टीवरून जेट इंजिनांवर उडणार, सुमारे 12 किलोमीटरवर रॉकेट पेटणार, 100 किलोमीटरच्या वर जाऊन जेमतेम तीन मिनिटं वजनरहित अवस्था, की लगेच परत. पृथ्वीला एक प्रदक्षिणासुद्धा नाही! व्यवसायाला ‘अंतराळपर्यटन’ म्हणायला हरकत नाही. माणसाला मात्र मी ‘अंतराळप्रवासी’ म्हणेन. एसटीत बसतो तोही प्रवासीच. गाडी दुसरा हाकतो, हा बसून जातो, एवढाच अर्थ इथे हवा आहे. सामासिक शब्द आहे, तेव्हा मध्ये जागा सोडू नका.

आणखी एक, क्रियापदाकडे लक्ष द्या. आर्थिक मंदीत, 2009 साली, हा प्रकल्प थांबवला गेला आणि प्रवाशांना घेऊन ते विमान कधीच उडालं नाही. ‘नेते’, ‘नेलं’ ही रूपं इथे चालणार नाहीत. मी असं लिहीन: ‘हे विमान एक वैमानिक आणि चार अंतराळप्रवाशांना घेऊन जाणार होतं.’