पाळीच्या आधीची मी खरी की नंतरची?

“खरी मी कोणती, मॅडम? पाळीच्या आधीची की नंतरची?” हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे सतत येतो. मृणालच्या (नाव आणि तपशील बदलले आहेत) प्रश्नाला मात्र आणखी एक शेपूट होतं.

वय ३१, घर कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीत. पाळीच्या आधीचा आठवडा नवऱ्याशी, निखिलशी, रोज खटके. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं सुरळीत. निखिलने यावर स्वतःपुरता तोडगा काढलेला. ती चिडून काहीही बोलली की म्हणायचं, “तारीख जवळ आली वाटतं!” आणि शेपूट असं, की ऑफिसातला एक सहकारी तिला आवडू लागला होता. ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज सुटण्याच्या दिवसांत बायकांना परपुरुषाची ओढ वाटते, ती निसर्गाचीच योजना असते, असं तिने मोबाइलवर वाचलं. पाळीची नोंद ठेवणारं ॲप उघडून बघितलं, तर ओढ वाटली नेमके तेच दिवस ओव्ह्युलेशनचे म्हणून हिरवे! आता आपल्या हातात काहीच नाही, असं वाटून ती घाबरली होती.

या कल्पनेवर बरेच अभ्यास झाले आहेत, सुरुवातीचे पुष्कळसे मोजक्याच स्त्रियांवर. पुढे जास्त संख्येने स्त्रिया घेऊन, हार्मोन्स प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा पुरुषांबद्दलची आवड चक्रानुसार बदलते हा निष्कर्ष काही टिकला नाही. त्या दिवसांत कामेच्छा थोडी वाढते, एवढं दिसतं. पण ती नवऱ्याबद्दलही वाढू शकते, हे कुणी ठळक अक्षरांत छापत नाही.

मुळात तिचे हिरवे दिवसच चुकीचे होते. पाळी यायची ३४-३५ दिवसांनी आणि ॲपमध्ये चक्राच्या लांबीचा २८चा आकडा तसाच पडून. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो. चक्र लांबतं ते त्याच्या आधीच्या काळामुळे. म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून मोजलं तर तिचं बीज २०व्या दिवसाच्या आसपास किंवा त्यानंतर सुटत असणार. सहकाऱ्याची ओढ वाटली होती ती दहाव्या-बाराव्या दिवशी. तेव्हा ऑफिसात काय चाललं होतं, हे विचारल्यावर कळलं, की प्रोजेक्टचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि “जेवलीस का?” असं विचारणारा तो एकटाच होता. हे सांगताना ती स्वतःच थबकली.

मग मी दोघांनाही वही घालायला सांगितली. रोज रात्री दोन ओळी: आजचा मूड आणि वाद झाला असेल तर कशावरून. एकमेकांची वही बघायची नाही. हे दोन पाळीचक्रं करायचं, कारण आठवणीवर विसंबलं की फक्त वाईट दिवस लक्षात राहतात.

वहीत पाळीआधीच्या सहा-सात दिवसांत चिडचिड वाढलेली स्पष्ट दिसली. म्हणजे निखिल अगदीच चूक नव्हता. पण वादाचे विषय महिनाभर तेच होते: रविवारचा सगळा स्वयंपाक तिच्याच गळ्यात आणि सासूबाईंचं न कळवता येणं. दहाव्या दिवसाची नोंद होती, ‘वाईट वाटलं, बोलले नाही.’ तिसाव्या दिवशी तेवढंच वाईट वाटलं आणि ती बोलली. हार्मोन्सनी तक्रार तयार केली नव्हती, गिळून टाकण्याची ताकद तेवढी कमी केली होती.

“हार्मोन्स तपासून घेऊ का?” हेही तिने विचारलं. पाळीआधी त्रास होणाऱ्या बहुतेक स्त्रियांची पातळी इतरांसारखीच निघते. हार्मोन्सच्या चढउतारांना मेंदू किती संवेदनशील आहे, त्यात फरक असतो. तिला सतत थकवाही होता, म्हणून डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तेवढं पाहून घ्यायला सांगितलं.

ज्यांना त्या दिवसांत कामावर जाणं अशक्य होतं किंवा जगणं नकोसं वाटतं, त्यांची गोष्ट वेगळी. तो पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडवणारा आजार, असू शकतो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. तिथे वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ हवेत. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं या त्रासात बऱ्याचदा काही दिवसांतच गुण देतात आणि काहींना ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांतच घ्यावी लागतात. मरणाचे विचार येत असतील, तर दोन चक्रांची वाट पाहू नये, लगेच जावं.

निखिल आला तो हाताची घडी घालून. “मग त्या आठवड्यात मी गप्प बसायचं का?” मी म्हटलं, वाद तापला तर विषय लिहून ठेवा आणि पाळीनंतरच्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून काढा. तो त्याने खरंच काढला, जरा कुरकुरत. आता रविवारचा स्वयंपाक आलटून पालटून होतो, आईंनाही फोन करून यायला त्यानेच सांगितलं.

उठता उठता त्याने विचारलं, मूल हवं असेल तर कोणते दिवस धरायचे? बीज सुटतं तो दिवस आणि आधीचे पाच, असं मी सांगितलं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. मृणालच्या बाबतीत १४व्या दिवसापासून २३व्यापर्यंत एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. आणि ॲपमधला तो आकडा आधी बदला.