जन्मदर 1.7 की 19.5? आणि 'संक्रमण' म्हणजे काय?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय की पेपरात "कर्नाटकाचा जन्मदर 1.7 वर आला" असं वाचलं, मुलाच्या नोट्समधे भारताचा जन्मदर 19.5 लिहिलाय, एवढा फरक कसा? आणि खाली 'लोकसंख्या संक्रमण' लिहिलंय ती कसली साथ आहे काय?

ताई, नोट्स बरोबर आहेत, पेपरातला शब्द चुकलाय. जन्मदर म्हणजे वर्षाला दर हजार लोकांमागं किती बाळं जन्मली, 2020 चा भारताचा आकडा 19.5. ते 1.7 म्हणजे प्रजनन दर, एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील त्याचा हिशोब. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकाचा 1.7 आणि महाराष्ट्राचापण 1.7च, सीमेच्या अलीकडं पलीकडं काडीचा फरक नाही. हजारामागं खरंच 1.7 बाळं जन्मली तर पाच हजार वस्तीच्या गावात वर्षभरात आठ-नऊच बारशी होतील बघा!

संक्रमण म्हणजे साथ नव्हे. रोगाला आपण संसर्ग म्हणतो, 'संक्रमण' त्या अर्थानं कोरोनात हिंदी बातम्यांतनं जास्त कानावर आलं. आपले कानडी शेजारी संक्रांतीला संक्रमणच म्हणतात की, एका राशीतनं दुसऱ्या राशीत जाणं, तोच अर्थ इथं. आधी जन्म आणि मृत्यू दोन्ही भरपूर, मग मृत्यू कमी होतात पण जन्म तेवढेच राहतात आणि लोकसंख्या फुगते, जन्म उशिरानं कमी होतात.

हा बदल आपल्या बोलण्यात स्पष्ट दिसतो आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या बायका "तिला आठ झाली, चार जगली" म्हणायच्या, 'झाली' आणि 'जगली' हे दोन वेगळे आकडे होते. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा, भिकू ठेवायचे, वाईट नाव असलं की मरण त्याच्याकडं बघणार नाही म्हणून. प्लेग, पटकी (कॉलरा) आणि 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ) असा तो काळ, 1911 ते 1921 या दहा वर्षांत तर देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटली. 1921 नंतर ती घटलीच नाही. आता बारशाला ही नावं कुणी ठेवत नाही आणि "किती जगली" असं विचारायची वेळपण येत नाही.

प्रजनन दर 2.1 असला की पुढची पिढी आधीच्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते. तो त्याच्या खाली गेला म्हणजे लोकसंख्या लगेच घटते असंपण नाही हं, आधीच्या मोठ्या पिढीतल्या पोरी आता आया होतात, प्रत्येकीला एक-दोनच झाली तरी एकूण बाळं बरीच होतात, त्यामुळं वाढ अजून काही दशकं चालते.

मृत्युदराचंपण (वर्षाला दर हजार लोकांमागं किती मृत्यू) तसंच, नुसता आकडा बघून फसायला होतं. केरळात माणसं बिहारपेक्षा जास्त जगतात तरी केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त, कारण तिथं म्हातारी माणसं जास्त. तेव्हा मुलानं "मृत्युदर जास्त म्हणून आरोग्य वाईट" असं लिहिलं असेल तर ते खोडायला सांगा, त्यासाठी आयुर्मान आणि बालमृत्युदर बघायचा.