न दुखणारी गाठ

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. आंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. "दुखत नाही, या वयात कशाला चिरफाड?" म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, याच आठवड्यात दाखवा. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. माझी आई पदराआड दडवत राहिली. ब्लाउजवर डाग दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्याजणींना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं, तरी त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आधी मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतील. गाठ लहान असली तर पुष्कळदा स्तन वाचतो, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. आणि सोबत तुम्हीच जा.