पुढे आलेले दात तारा लावून मागे घेताना जबड्याचं हाड झिजतं का? सुळे आधी मागे घ्यावेत की पुढचे सहाही दात एकदम?

बेळगावात दातांचं काम करतो. निपाणी-खानापूरहून येणारे पालक हेच विचारतात, "डॉक्टर, दात हलवले की हाड खिळखिळं होतंय की हो!"

दात हाडातूनच सरकतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी खाऊन टाकतात, मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. वेग साधारण महिन्याला 1 मिलिमीटर. जोर जास्त लावला तर तिथला रक्तपुरवठा दबतो, दात उलट अडकून बसतो आणि मूळही झिजू शकतं. म्हणून "लवकर आटपा" म्हणू नका.

सुळे आधी घेतले तर उपचार लांबतो, सहाही एकदम घेतले तर वेळ वाचतो. पण हाडाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे: दात नुसता कलतोय की मुळासकट सरकतोय? मागे घेताना आतल्या, म्हणजे टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूचं हाड पातळ होतं. खालच्या पुढच्या दातांभोवती ते आधीच पातळ असतं. मूळ त्याबाहेर गेलं तर हिरडी दातावरून मागे सरकू शकते. साध्या एक्स-रेत ही जाडी कळत नाही. शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढतात.

बाकी, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरं करा. आणि तंबाखू सोडा (निपाणीकरांनो, रागावू नका!).