शैली उचलण्याआधी तिची चळवळ समजून घे

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तू पाठवलेली पोस्टरे सावकाश पाहिली. लाल-काळे तिरके पट्टे, कडेला कापून बसवलेले छायाचित्र, ठसठशीत जाड अक्षरे, या सगळ्यांतून रशियन रचनावादाची, म्हणजे क्रांतीनंतर कलेला उपयोगाला जुंपणाऱ्या भौमितिक शैलीच्या चळवळीची, छाप लगेच ओळखू येते, आणि तुझा हात चांगला आहे हेही दिसते. मात्र ते पट्टे तिरके का आहेत, याचे उत्तर मला पोस्टरात कुठेच सापडले नाही, म्हणून हे पत्र.

आपण ज्यांना थोर ग्राफिक डिझायनर मानतो, त्यांपैकी पुष्कळांनी आपली दृष्टी एखाद्या कलाचळवळीकडून घेतली. पण घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी काहीतरी काम नेमून दिले. रशियन डिझायनर एल लिसित्स्कीचे उदाहरण घे. चित्रकार मालेविचने 1915 मध्ये पांढऱ्यावर काळा चौरस मांडला, तेव्हा त्याला चित्रकलेची दृश्य वस्तूंपासून पूर्ण सुटका करायची होती. वितेब्स्कच्या कलाशाळेत मालेविचच्या सहवासात आलेल्या लिसित्स्कीने तीच शुद्ध भूमिती रशियातल्या यादवी युद्धाच्या प्रचारचित्रात आणली. त्या युद्धात लाल म्हणजे बोल्शेविक आणि पांढरे म्हणजे त्यांचे विरोधक. लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कोणाची चाल कोणावर आहे ते उमगते. तिथला तिरकेपणा ही हल्ल्याची दिशा आहे. रचनावादी कलावंत रोदचेन्कोने 1921 मध्ये लाल, पिवळा आणि निळा असे तीन एकरंगी कॅनव्हास मांडून चित्रकलेला निरोप दिला आणि तो उपयोजित कामाकडे वळला. पुढे 1924 च्या त्याच्या प्रसिद्ध पोस्टरात ओरडून हाक देणाऱ्या स्त्रीच्या मुखातून ‘पुस्तके’ हा शब्द पसरत जातो, आणि त्या पसरत्या आकारातून आवाज डोळ्यांना दिसतो. ग्रंथालयाच्या वेळा सांगणाऱ्या तुझ्या पोस्टरात हल्लाही नाही आणि हाकही नाही, त्यामुळे तिथला तिरका पट्टा केवळ सजावट होऊन राहतो.

जर्मन अक्षररचनाकार यान चिकोल्डचा अभ्यास तू सर्वांत आधी करावास असे मला वाटते, कारण एका माणसाच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा, दोन विरुद्ध बाजूंनी आला. लाइपझिगमध्ये जुन्या सुलेखनाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने 1923 मध्ये वायमारला बाउहाउस या आधुनिक कला-डिझाइन शाळेचे प्रदर्शन पाहिले आणि तो पार बदलून गेला. 1928 च्या आपल्या पुस्तकात त्याने मध्यभागी रचलेल्या शीर्षकांची परंपरा नाकारली आणि असममित मांडणी व सेरिफ (टोकांचे छोटे फटकारे) नसलेली अक्षरे यांचा हिरिरीने पुरस्कार केला. 1933 मध्ये नाझींनी त्याला अटक केली; सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला, आणि तिथे पुस्तके घडवता घडवता हळूहळू सममित, अभिजात मांडणीकडे परतला. 1946 मध्ये स्विस कलावंत-डिझायनर माक्स बिलने त्यावर कठोर टीका केली, तेव्हा चिकोल्डने उलट आपल्याच जुन्या मतांतल्या असहिष्णुतेकडे बोट दाखवले आणि तिचे नाते हुकूमशाही वृत्तीशी जोडले. 1947 ते 1949 या काळात त्याने पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनाच्या पुस्तकांना जी शिस्त लावली, ती अक्षरांमधले अंतर, विरामचिन्हे, समास अशा बारीक गोष्टींची होती. काही जण याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही. जाहिरातीचा वाचक चालता चालता वाचतो आणि कादंबरीचा वाचक तासन्तास बसून वाचतो, हा फरक त्याने प्रामाणिकपणे मान्य केला, आणि त्यासाठी स्वतःच्या कीर्तीला धक्का लागू दिला.

दुसऱ्या टोकाला झुरिकचा डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमन आहे. काँक्रीट कलेतले, म्हणजे कशाचेही चित्रण न करता शुद्ध आकार-रंगांतून घडणाऱ्या कलेतले, गणिती प्रमाण त्याने संगीताच्या पोस्टरांसाठी वापरले. 1955 च्या बेथोव्हेन पोस्टरातल्या कमानी मोजून-मापून वाढत जातात, आणि संगीतही मोजलेल्या काळावरच उभे असते. अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझरची वाट याहून निराळी आहे. गायक बॉब डिलनच्या पोस्टरासाठी त्याने कलावंत द्युशाँच्या छायाकृती-स्वचित्राची आठवण ठेवली आणि केसांच्या रंगीत वळणांसाठी इस्लामी चित्रकलेकडे पाहिले. एकाच चळवळीशी निष्ठा त्याने कधी मानली नाही. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण आरंभी म्युलर-ब्रॉकमनच्या वाटेची शिस्त अंगी बाणलेली बरी.

आता प्रत्यक्ष कामाचे सांगतो. एक डिझायनर निवड आणि तो ज्या चित्रकारांकडे पाहत होता त्यांची चित्रे आधी पाहा. मग त्याचे एक पोस्टर हाताने, शक्य तितक्या मोठ्या आकारात उतरवून काढ. स्वित्झर्लंडमधली पोस्टरे 90.5 बाय 128 सेंटीमीटर या ठरलेल्या मापात छापली जात. फोनच्या पडद्यावर त्यांतला रिकाम्या जागेचा दाब कळतच नाही. उतरवताना प्रत्येक घटकापुढे तो काय काम करतो ते एका ओळीत लिही. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही तो घटक झाकून पाहा. चांगल्या पोस्टरात असा घटक क्वचितच सापडतो. हीच परीक्षा नंतर स्वतःच्या पोस्टराला लाव.

ग्रंथालयाचे पोस्टर पुन्हा कर. वाचकाला वार आणि वेळ एका नजरेत कळली पाहिजे, एवढीच गरज समोर ठेव आणि तिला कोणत्या परंपरेची मदत होईल ते तूच ठरव. पहिला आराखडा फक्त काळ्या रंगात, एकाच टंकाच्या (फाँटच्या) दोन आकारांत करून पाठव, आणि सोबत ती घटकांची यादीही जोड.

कळावे.